आयडल व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या कूलंटच्या दोन बारीक नळ्या: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) खाली वाकून पाहिलंत, तर करंगळीएवढ्या जाडीच्या दोन काळ्या नळ्या दिसतील. त्यांतून पेट्रोल जात नाही, हवाही जात नाही. त्यांतून इंजिनाचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरतं. गाडीची रेस वरखाली होतेय म्हणून आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये आम्ही सर्वांत आधी या दोन नळ्यांना हात लावतो. अनेकदा तोपर्यंत गाडीमालकाने नवी आयडल मोटर (विजेवर चालणारा आयडल व्हॉल्व्ह) विकत घेऊन बसवलेली असते आणि दोष जागच्या जागी असतो. तो खर्च वाचावा म्हणून हे पत्रक.

गरम पाणी तिथे कशाला?

थंड इंजिनाला आयडलिंगला, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना नुसतं चालू राहायला, जास्त हवा लागते. सकाळी स्टार्टर मारल्यावर आरपीएमचा काटा बाराशे-पंधराशेवर जातो आणि इंजिन तापेल तसा हळूहळू साडेसातशे-आठशेच्या आसपास येऊन बसतो. हे काम आयडल व्हॉल्व्ह करतो. थ्रॉटलची पाकळी बंद असताना तिला वळसा घालून किती हवा आत सोडायची, ते तो ठरवतो.

आपल्याकडे 1 एप्रिल 2000 पासून उत्सर्जनाचे 'इंडिया 2000' नियम देशभर लागू झाले आणि कार्ब्युरेटर मागे पडून एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांचा जमाना आला. त्या पिढीतल्या अनेक इंजिनांत हे काम दोघांत वाटलेलं असतं. एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, ज्याला ईसीएम (इंजिनाचा संगणक) हुकूम देतो. दुसरा वॅक्सचा, ज्याला वायरच नसते. होंडाच्या नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच इंजिनांत हा वॅक्सचा व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडीच्या पोटाखाली असतो. सुझुकीच्या जी मालिकेतल्या काही इंजिनांत तो थ्रॉटल बॉडीतच बसवलेला असतो. टोयोटाच्या काही व्हॉल्व्हमध्ये वॅक्सऐवजी उष्णतेने वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते.

वॅक्सचं काम समजायला सोपं आहे. एका डबीत मेण बंद केलेलं असतं. गरम कूलंट त्या डबीला लागून गेलं की मेण वितळून फुगतं, दांडी पुढे ढकलतं आणि हवेचा जादा रस्ता बंद होतो. इंजिन तापलंय हे त्या मेणाला फक्त नळीतल्या पाण्यावरून कळतं. पाणी पोचलं नाही, तर इंजिन कितीही तापलं तरी मेणाच्या लेखी ते थंडच.

एक गाडी

मागे एक जुनी सेडान आमच्याकडे आली. गरम इंजिनावर आयडल अठराशेच्या खाली येत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी आयडल मोटर दोनदा बदलून झाली होती, थ्रॉटल बॉडी धुऊन झाली होती, शेवटी थ्रॉटल कुठवर बंद व्हावा ते ठरवणारा स्टॉप स्क्रूही फिरवून ठेवला होता. आम्ही मॅनिफोल्डच्या मागे बॅटरीचा उजेड मारला. कूलंटच्या दोन्ही नळ्या व्हॉल्व्हवरून काढून, दोन इंची तांब्याचा तुकडा घालून एकमेकींना जोडलेल्या होत्या. वर दोन क्लिपा व्यवस्थित आवळलेल्या. पूर्वी कधीतरी तिथे गळती झाली असणार आणि कोणीतरी ती अशी 'बंद' केली असणार. व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांत कोरडा पांढरा क्षार जमला होता. आम्ही तो साफ केला, दोन नव्या नळ्या टाकल्या, हवा काढली आणि स्टॉप स्क्रू मूळ जागी आणला. वीस मिनिटांत काटा साडेसातशेवर स्थिर झाला. आयडल मोटरमध्ये काहीच दोष नव्हता.

रेस वरखाली का होते?

इंजिन पूर्ण तापलेलं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, तरी वॅक्सचा व्हॉल्व्ह उघडाच. आरपीएम वर चढतो. ईसीएमला दिसतं की थ्रॉटल बंद आहे आणि इंजिन तर जोरात फिरतंय. त्याला वाटतं गाडी घाट उतरतेय, म्हणून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, पुन्हा चढतो. सिग्नलला उभी असलेली गाडी घूं-घूं करत राहते. यात ईसीएम बिघडलेला नसतो, तो आपलं काम बरोबर करत असतो. त्याला बदलू नका.

नळ्या कुठून कुठे न्यायच्या

आमच्या मते नळी कुठल्या कंपनीची आहे यापेक्षा ती कुठून निघते आणि कुठे संपते याला जास्त महत्त्व आहे.

येणारी नळी हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग) किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) अलीकडून निघाली पाहिजे, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतानाही तिच्यात पाणी फिरतं. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. नळी त्याच्या पलीकडून, रेडिएटरच्या बाजूने घेतली, तर तोवर व्हॉल्व्हला गरम पाणी मिळत नाही आणि रेस उगाच बराच वेळ वर राहते. परतीची नळी वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला गेली पाहिजे. बहुतेक गाड्यांत ती इंजिनाच्या मागून जाणाऱ्या लोखंडी पाइपला मिळते, जिथे हीटरचं परतीचं पाणीही येतं. एका टोकाला दाब आणि दुसऱ्या टोकाला ओढ असली तरच पाणी फिरतं. दोन्ही टोकं सारख्याच दाबाच्या जागी लावली, तर नळी भरलेली दिसते पण आतलं पाणी जागचं हलत नाही. असं काम वरून बघून ओळखता येत नाही, म्हणूनच त्यात वेळ जातो.

काही इंजिनांत दोन्ही व्हॉल्व्ह एकाच नळीवर ओळीने असतात, एकातून निघून पाणी दुसऱ्यात जातं. तिथे कंपनीच्या आकृतीतला क्रम आम्ही बदलत नाही. आकृती मिळाली नाही तर खालच्या तोंडातून पाणी आत आणि वरच्या तोंडातून बाहेर अशी जोडणी करतो, म्हणजे आतली हवा पाण्याबरोबर निघून जाते. नळीला मध्येच उंच कमान येऊ देत नाही. उंचवट्यावर हवेचा बुडबुडा बसला की पाण्याचा रस्ता अडतो.

नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब हवी, बेल्टपासून लांब हवी आणि थ्रॉटलच्या चाकाला तर चुकूनही लागता कामा नये. नळी मध्ये आल्यामुळे थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही अशी गाडी आम्ही पाहिली आहे, आणि ते धोक्याचं आहे. एक टोक इंजिनावर आणि दुसरं बॉडीवर असेल, तर नळीला थोडी ढील हवी, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं. कारखान्यातून वळण घेऊन आलेल्या नळीच्या जागी सरळ नळी वाकवून बसवली की वळणावर ती चपटी होते. बाहेरून थोडीच दबलेली दिसते, आतून जवळजवळ मिटलेली असते.

नळी कूलंटसाठी बनवलेल्या रबराचीच हवी. पेट्रोलची नळी गरम कूलंटमध्ये काही महिन्यांत कडक होऊन तडकते. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी तर गरम पाण्याने मऊ पडते आणि क्लिपेतून निसटते. घाटात असं झालं तर कूलंट संपायला वेळ लागत नाही, आणि त्यानंतर हेडचं काम निघतं.

गाडीला गॅस किट असेल तर

सीएनजीच्या टाकीत साधारण 200 बारचा दाब असतो. रिड्युसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणारा भाग) तो एकदम उतरतो तेव्हा रिड्युसर गारठतो, म्हणून त्यालाही गरम कूलंट द्यावं लागतं. किट बसवताना हाताला सोपी म्हणून बरेच जण थ्रॉटल बॉडीची हीच बारीक नळी कापून टी (तीन तोंडांचा जोड) टाकतात. पाणी सोप्या रस्त्याने जातं, रिड्युसरकडे वळतं आणि आयडल व्हॉल्व्ह उपाशी राहतो. मग गाडी गॅसवरही नीट चालत नाही, पेट्रोलवरही नाही. आम्ही रिड्युसरचं पाणी हीटरच्या जाड पाइपवरून समांतर घेतो. ज्या गाड्यांत हीटर बंद केल्यावर पाणी अडवणारा कॉक असतो, तिथे टी कॉकच्या अलीकडे टाकतो, नाहीतर उन्हाळ्यात हीटर बंद केला की रिड्युसरचंही पाणी बंद. गॅस बसवल्यानंतर रेस बिघडली असेल, तर गाडी देताना ते आवर्जून सांगा.

पांढरा धूर आणि हेड गॅस्केट

हे नीट वाचा, कारण इथे मोठ्या रकमेचा प्रश्न असतो. काही व्हॉल्व्हमध्ये हवेचा रस्ता आणि पाण्याचा रस्ता यांच्यामध्ये एकच पातळ गॅस्केट असतं. ते गेलं की इंजिन कूलंट आत ओढून जाळतं. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, कूलंट कमी होतं आणि बाहेर कुठेही थेंब दिसत नाही. लक्षणं थेट हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं) गेल्याची. हेड उतरवण्याआधी आम्ही या व्हॉल्व्हचं पाणी तात्पुरतं बंद करून गाडी चालवून बघतो. धूर थांबला तर हेडला हात लावायची गरज नाही. ही चाचणी झाल्यावर नळ्या परत जोडल्याच पाहिजेत.

'नळ्या काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे आहे?'

हा सल्ला आम्हाला पटत नाही. थ्रॉटलवर बर्फ धरण्याची भीती आपल्याकडे नाही हे खरं आहे. पण वॅक्सच्या व्हॉल्व्हला पाणी लागतं ते तापमान कळायला, बर्फासाठी नाही. नळ्या काढल्याने थंड हवा जाऊन ताकद वाढते म्हणतात, त्यातही तथ्य नाही. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर हवा तिथून इतक्या वेगाने जाते की तिला तापायला वेळच मिळत नाही. नव्या गाड्यांत थ्रॉटल विजेवर चालतो आणि वेगळा आयडल व्हॉल्व्ह नसतो. तिथे रेसचा प्रश्न येणार नाही, पण थ्रॉटल बॉडीला नळ्या असतील तर गळती तिथूनही होतेच.

तुम्ही घरी काय बघू शकता

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि दोन्ही बारीक नळ्यांना जपून बोट लावा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय. एक गरम आणि एक गार असेल तर रस्ता तुंबलाय. दोन्ही गार असतील तर हवा अडकली आहे किंवा नळ्या चुकीच्या जागी आहेत. बोअरचं पाणी कृपया टाकू नका. त्यातला क्षार सर्वांत आधी याच बारीक वाटांमध्ये बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या. रंग बघून नाही, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघून.

कूलंट बदलल्यावरच रेस बिघडली असेल, तर बहुतेक वेळा हवा राहिलेली असते. आम्ही गाडीचं तोंड उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आणि हवा काढायचा बोल्ट असेल तर तो ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरतो. फॅन दोनदा लागून बंद झाल्याशिवाय झाकण लावत नाही. यात पाऊण तास जातो, तेवढा वेळ हाताशी ठेवून या.

रेसच्या तक्रारीसाठी शक्यतो आदल्या संध्याकाळी गाडी लावून जा. थंड इंजिनावर थ्रॉटलच्या तोंडाशी बोट धरून वॅक्सचा व्हॉल्व्ह हवा ओढतो का, आणि तापल्यावर ओढणं थांबतं का, हे आम्ही सकाळी पहिल्या स्टार्टला तपासतो. दुपारी तापलेली गाडी आणलीत, तर ही अर्धी तपासणी दुसऱ्या दिवशीवर जाते. काढलेल्या जुन्या नळ्या आणि व्हॉल्व्ह बिलासोबत पिशवीत परत मिळतील, नळी उभी चिरून आतली बाजू दाखवून.