हिट मोजले, वेळ मोजायची राहिली

निपाणीतल्या पतसंस्थेची साइट असो की बेळगावातल्या कॉलेजचे निकालाचे पान, ‘साइट स्लो आहे’ अशी तक्रार आली की आधी ॲक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही, उघडला जातो. नेमके हवे ते त्यात नसते. याचे मूळ वेबच्या पहिल्या चार-पाच वर्षांत आहे.

सर्न (युरोपातली भौतिकी प्रयोगशाळा) आणि एनसीएसए (अमेरिकेतले संगणन केंद्र) यांच्या वेब सर्व्हरमुळे रूढ झालेल्या ‘कॉमन लॉग फॉरमॅट’मध्ये सात रकाने होते: पत्ता, आयडेंट (ग्राहकाच्या संगणकाने सांगितलेली ओळख), युजर, तारीख, विनंती, स्टेटस कोड आणि बाइट. उत्तर द्यायला किती वेळ लागला, याला रकानाच नव्हता. 1995 मध्ये आलेल्या अपाची या वेब सर्व्हरने हाच साचा उचलला. पुढे ‘कम्बाइंड’ साच्यात रेफरर (वाचक कोणत्या पानावरून आला) आणि युजर एजंट (त्याचा ब्राउझर) वाढले, वेळ तरीही नाही. साहजिकच ॲनालॉग (1995), वेबलायझर (1997) ही साधने ‘किती आले, कुठून आले’ एवढेच सांगत.

त्यातले ‘कुठून’ सीमाभागात फारसे कामाचे नाही. मोबाइलवरचे शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात आणि तो आयपी कंपनीच्या गेटवेचे ठिकाण दाखवतो. निपाणीचा वाचक आणि कागलचा वाचक त्यावरून वेगळा काढता येत नाही. देवनागरी पत्त्यांचीही गंमत आहे: ‘बेळगाव’ हा शब्द लॉगमध्ये टक्क्यांच्या चिन्हांसह 54 अक्षरांचा होतो, त्यामुळे देवनागरीत ग्रेप (मजकूर शोधण्याची आज्ञा) करून हाती काही लागत नाही.

आत्ता काय चालले आहे, हे अपाचीचे मॉड-स्टेटस हे मोड्यूल दाखवते. प्रत्येक वर्करला (विनंती हाताळणाऱ्या घटकाला) एक चिन्ह: अंडरस्कोअर म्हणजे मोकळा, ‘डब्ल्यू’ म्हणजे उत्तर देतोय, ‘के’ म्हणजे कीप-अलाइव्हवर (पुढच्या विनंतीसाठी उघड्या ठेवलेल्या जोडणीवर) ताटकळतोय. निकालाच्या दिवशी अंडरस्कोअर संपून सगळीकडे ‘डब्ल्यू’ दिसले, तर बहुधा मागचा डेटाबेस अडकलेला असतो. ‘के’ जास्त असतील तर कीप-अलाइव्हचा टाइमआउट कमी करावा. वर्करची मर्यादा डोळे झाकून वाढवू नये: एक प्रोसेस 40 एमबी खात असेल तर 256 प्रोसेसना सुमारे 10 जीबी लागतात. तेवढी रॅम नसली की स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी डिस्कचा वापर, सुरू होतो आणि सर्व्हर पुरता बसतो.

टोबियास ओटिकर यांचे एमआरटीजी (1995) हे साधन दर 5 मिनिटांनी नेटवर्कवरच्या वाहतुकीचा आकडा घेऊन आलेख काढी. अर्ध्या मिनिटाची झुंबड त्या सरासरीत विरघळून जाते. 1999 चे नेटसेंट, म्हणजे पुढचे नागिओस, मुख्यतः सेवा चालू की बंद हे पाही. प्रतिसादाच्या वेळेचे हिस्टोग्राम आणि 95 वा पर्सेंटाइल (100 पैकी 95 विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात ती वेळ) रोजच्या वापरात आले ते बरेच नंतर, 2012 मध्ये साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत सुरू झालेल्या प्रोमिथियससारख्या साधनांमुळे.

राहिलेला रकाना मात्र आजही आपणच जोडायचा. अपाचीच्या लॉगफॉरमॅट या सेटिंगमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे कॅपिटल ‘डी’ लिहिला की वेळ मायक्रोसेकंदांत मिळते. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरचा ‘रिक्वेस्ट टाइम’ सेकंदांत असतो, दोन्ही लॉग एकत्र करताना हे विसरले की आलेख हास्यास्पद होतो. शिवाय त्यात ग्राहकाकडे डेटा पोचवण्याचा वेळही धरलेला असतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज अडखळली तरी तो आकडा फुगतो, म्हणून शेजारी ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’ (मागच्या सर्व्हरने उत्तर द्यायला घेतलेला वेळ) नोंदवावा. तो कमी आणि पहिला जास्त असेल, तर सर्व्हरला हात लावू नये.