चार्जर किती किलोवॉटचा, वायर किती जाडीची?

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात एका शेजाऱ्यांनी त्यांच्या पार्किंगमधील पंधरा ॲम्पिअरचा सॉकेट मला उघडून दाखवला. इलेक्ट्रिक गाडीसोबत मिळालेला चार्जर ते वर्षभर त्याच सॉकेटला लावत होते. बाहेरून सॉकेट पांढराशुभ्र होता. पण प्लगच्या एका पिनेभोवतीचे प्लास्टिक बदामी पडले होते, आणि आत त्याच बाजूच्या स्क्रूखालची तांब्याची तार काळवंडून तिच्यावरचे आवरण इंचभर चिरले होते. या काळात एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, एकदाही ट्रिप झाला नव्हता. शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. आता हे सगळे काढायचेच आहे, तर त्याऐवजी ७.२ किलोवॉटचा वॉल चार्जर बसवून घ्यावा काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. भिंतीवर बसवतात त्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, परंतु घरगुती एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. बॅटरीला लागणारा डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह तोच तयार करतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक शहाणा स्विच आहे. ती एका बारीक तारेवरून गाडीला सेकंदाला एक हजार स्पंदने पाठवते, आणि प्रत्येक स्पंदन किती रुंद आहे यावरून ‘येथून जास्तीत जास्त इतकेच ॲम्पिअर घे’ हा निरोप गाडीला कळतो. सुमारे २७ टक्के रुंदी म्हणजे १६ ॲम्पिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. गाडी ती मर्यादा पाळते, पण स्वतःच्या कुवतीपलीकडे जात नाही. गाडीतील चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ७.२ ची किंवा थ्री-फेज ११ ची पेटी लावूनही एक मिनिटसुद्धा वाचणार नाही. म्हणून पहिली गोष्ट गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावी, विक्रेत्याच्या पत्रकात नव्हे.

आता गरजेचा हिशेब करू. कासारवडवलीहून ऐरोलीला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाची रोजची फेरी साधारण चाळीस किलोमीटरची धरली, आणि कोंडी, एसी व चार्जिंगमधील घट मिळून प्रति किलोमीटर भिंतीतून दीडशे वॉट-तास खर्च होतात असे मानले, तर रोजची भूक सहा हजार वॉट-तासांची, म्हणजे सहा युनिटची होते. ३.३ किलोवॉटने ती दोन तासांत भागते. बॅटरी ४० किलोवॉट-तासांची असली आणि तळापासून पूर्ण भरायला तेरा-चौदा तास लागणार असले, तरी रोज रात्री ती तळाशी गेलेली नसतेच. रोज विहीर उपसून कोणी पुन्हा भरत नाही. सर्वांत वाईट दिवसाचाही विचार करून पाहू. नाशिकला जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर झाले, रात्री अकराला गाडी जवळजवळ रिकामी होऊन परतली आणि सकाळी सातला पुन्हा निघायचे आहे. या आठ तासांत ३.३ किलोवॉटने २६ युनिट भरतात, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरची तजवीज होते. ऐरोलीच्या चार फेऱ्या त्यात सहज बसतात. दुचाकीच्या बाबतीत तर हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिचा चार्जर बहुधा एक किलोवॉटच्याही आत असतो.

मग ३.३ किलोवॉट इतके पुरेसे असेल, तर शेजाऱ्यांचा सॉकेट का जळला? याचे उत्तर किलोवॉटमध्ये नाही, तासांमध्ये आहे. ३.३ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १४.३ ॲम्पिअर. गीझरही जवळपास तेवढाच प्रवाह घेतो, पण पंधरा-वीस मिनिटांनी तो बंद होतो आणि सॉकेटला निवायला दिवस मिळतो. गाडी तोच प्रवाह सलग सहा-आठ तास घेते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ही शाळेत शिकलेली गोष्ट येथे दोनदा उपयोगी पडते. पहिल्यांदा ती जोडापाशी लागू होते. स्क्रू सैल असल्यामुळे एखाद्या जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम झाला, तरी १४.३ ॲम्पिअरला त्या मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत वीस वॉट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्नचे टोक याच्या आसपासच्या शक्तीवर कथील वितळवते. जोड तापतो, धातू प्रसरण पावतो, थंड झाल्यावर पकड आणखी सैल होते आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो. त्यामुळे रोध वाढतो आणि दुसऱ्या रात्री तोच जोड अधिक तापतो. वाशी, नेरुळ, बेलापूर किंवा कळवा अशा खाडीकाठच्या वस्त्यांत दमट, खारी हवा या चक्राला हातभार लावते.

एमसीबीला यातले काहीच दिसत नाही. तो प्रवाह मोजतो, आणि प्रवाह तर ठरल्याप्रमाणे १४.३ ॲम्पिअरच असतो. एमसीबी तारेचा राखणदार आहे, सॉकेटचा नव्हे. उलट कधीकधी तो उगाच पडतो, त्याचेही कारण समजण्याजोगे आहे. घरगुती एमसीबीचे माप ३० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून ठरवलेले असते, आणि मे महिन्यातील ठाण्याची बंदिस्त मीटर रूम त्याहून बरीच तापलेली असते. शेजारी-शेजारी खच्चून बसवलेल्या एमसीबींमध्ये सोळाचा एमसीबी चौदा ॲम्पिअरच्या लांबलचक भाराला मध्यरात्री मान टाकू शकतो. मग सकाळी इलेक्ट्रिशियन येतो आणि त्या जागी बत्तीसचा बसवून जातो. गाडी पुन्हा चार्ज होऊ लागते, सगळे खूश होतात, आणि आत अडीच चौरस मिलिमीटरची वायर विनापहारा राहते. माझ्या पाहण्यातला सर्वांत धोकादायक ‘उपाय’ हाच आहे.

वर्गाचा नियम दुसऱ्यांदा लागू होतो तो लांबीला. आपल्याकडे मीटर तळमजल्यावरील मीटर रूममध्ये आणि गाडी पोडियमच्या दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती सर्रास असते. अंतर चाळीस मीटर धरले, तर जाऊन-येऊन ऐंशी मीटर तांबे होते. चार चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.४ ओहम भरतो. ३.३ किलोवॉटला त्यात ८० वॉट वाया जातात आणि व्होल्टेज सहाएक व्होल्टने उतरते. हे चालण्याजोगे आहे. त्याच वायरवर ७.२ किलोवॉट घेतले, तर प्रवाह ३१ ॲम्पिअरच्या पुढे जातो, वाया जाणारी शक्ती जवळपास ४०० वॉट होते आणि व्होल्टेज बारा-तेरा व्होल्टने पडते. वेळ निम्म्याहूनही कमी लागला, तरी तेवढेच युनिट भरताना वायरीत दुपटीहून अधिक वीज जळते. दहा चौरस मिलिमीटरची केबल घातली, तर हाच तोटा ७.२ ला दीडशे वॉटच्या आसपास आणि ३.३ ला अवघा तीस-पस्तीस वॉट राहतो. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंशांची असते, आणि उन्हाने तापलेल्या डक्टमध्ये इतर केबलींच्या जुडग्यात पडलेल्या वायरीला त्यातले बरेच अंश फुकटच खर्च करावे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे जाड केबल ही चैन वाटत नाही.

म्हणूनच माझे मत थोडे उलटे आहे. वायर भविष्यातल्या गाडीची घालावी, भार मात्र आजच्या गाडीचा ठेवावा. खर्च तांब्याचा असतोच, पण स्लॅबला छिद्रे पाडणे, ट्रे बसवणे आणि सोसायटीची परवानगी मिळवणे यांचा व्याप मोठा असतो, आणि तो दोनदा करण्यात शहाणपण नाही. ७.२ किलोवॉट खरोखर लागतो तो रोज दीड-दोनशे किलोमीटर धावणाऱ्याला, एकाच जोडणीवर दोन गाड्या असणाऱ्याला, किंवा ज्याची गाडी रात्री तीन-चार तासच घरी उभी राहते त्याला. बॅटरी मोठी आहे एवढ्याच कारणाने तो लागत नाही.

भार वाढवण्याला कागदोपत्री बाजूही आहे. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो तीन-चार किलोवॉट असेल, तर एकटी ७.२ ची पेटी तो ओलांडते, आणि दोन एसी, गीझर व मायक्रोवेव्ह अजून हिशेबात यायचेच असतात. अशा वेळी भारवाढीचा अर्ज करावा लागतो आणि कदाचित थ्री-फेज जोडणीही घ्यावी लागते. ३.३ ला बहुतेक घरांत हे टाळता येते, विशेषतः गाडीला टायमर लावून चार्जिंग मध्यरात्रीनंतर सुरू केले तर. घरच्या विद्यमान जोडणीवरच गाडी चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिली. बिलाच्या बाजूने पाहता महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे युनिटची भर, आणि दोनशे युनिट वापरणारे घर त्यामुळे ३०१ ते ५०० च्या टप्प्यात शिरते. मात्र महाग दर तीनशेच्या वरच्या युनिटांनाच लागतो, आणि चार्जर लहान की मोठा याने त्यात जवळपास काही फरक पडत नाही.

सोसायटीच्या पातळीवर हाच हिशेब अधिक बोलका होतो. शंभर गाड्यांनी एकाच वेळी ७.२ किलोवॉट घेतले, तर ७२० किलोवॉट होतात, ३.३ ने ते ३३० वर थांबतात. सगळ्या गाड्या कधीच एकदम लागत नाहीत हे खरे, पण रात्री साडेआठला, कामावरून परतल्या परतल्या, पुष्कळशा लागतात, आणि एसी सुरू होण्याचीही तीच वेळ असते. इमारतीच्या ट्रान्सफॉर्मरला हा फरक नक्कीच जाणवतो.

सुरक्षेच्या साधनांबाबत मात्र काटकसर करू नये. गाडीसाठी स्वतंत्र सर्किट, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेले अर्थिंग या गोष्टी ३.३ लाही तितक्याच आवश्यक आहेत. पेटी ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून चार्जिंग नाकारते, तेव्हा ती बिघडलेली नसून बहुधा खरेच सांगत असते. अशा वेळी न्यूट्रलला अर्थची तार जोडून तिला फसवण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो.

शेजाऱ्यांनी अखेरीस ७.२ ची पेटी घेतली नाही. मीटर रूमपासून दहा चौरस मिलिमीटरची आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल आली, तिच्या टोकांना लग, म्हणजे जोडणीची धातूची टोके, दाबून बसवले गेले, आणि जुन्या सॉकेटच्या जागी झाकणाचा इंडस्ट्रियल सॉकेट लागला. काम झाले त्या रात्री गाडी लावून तासाभराने आम्ही दोघे पुन्हा खाली गेलो आणि प्लगला हाताची मागची बाजू लावून पाहिली. तो अंगाइतकाच कोमट होता.