‘जाडी बर्था’ आणि लिएजचे किल्ले

पॅरिसवर शंभर किलोमीटरहून अधिक लांबून गोळे टाकणारी १९१८ची जर्मन तोफ म्हणजेच ‘जाडी बर्था’, असं अजूनही अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. बर्था ही आखूड नळीची, ४२ सेंटिमीटर व्यासाची उखळी तोफ. तिचा पल्ला साडेनऊ किलोमीटरही नव्हता, आणि तिचं काम एकच होतं: किल्ले फोडणं.

फ्रान्सवर बेल्जियममार्गे चालून जायची जर्मन योजना होती, आणि त्या वाटेवर लिएज शहराभोवती १२ किल्ल्यांचं कडं होतं. म्हणून एसेनच्या क्रुप कारखान्याने आधी ‘गामा’ ही तोफ बनवली. तिचं वजन सुमारे १५० टन. ती रेल्वेने न्यायची, मग खड्डा खणून बसवायची. जिथे रूळ नाहीत, तिथे ती निरुपयोगी. त्यामुळे फ्रिट्झ राउझेनबर्गर यांच्या देखरेखीखाली चाकांवरची, सुटे भाग करून ट्रॅक्टरने ओढता येणारी सुमारे ४२ टनांची तोफ तयार झाली. कागदोपत्री तिचं नाव होतं ‘आखूड नौदल तोफ’, तेही मुद्दाम फसवं. ‘बर्था’ हे टोपणनाव कारखान्याच्या वारसदार बर्था क्रुप यांच्यावरून पडलं, असं मानलं जातं.

१९१४च्या ऑगस्टमध्ये अशा दोनच तोफा हाताशी होत्या. १२ ऑगस्टला पाँतिस किल्ल्यावर मारा सुरू झाला, दुसऱ्या दिवशी तो शरण आला. १५ ऑगस्टला सुमारे आठशे किलोचा एक गोळा लाँसँ किल्ल्याच्या दारूकोठारात घुसला आणि साडेतीनशेच्या आसपास सैनिक क्षणात गेले. ढिगाऱ्यात सापडलेल्या, लिएजच्या बचावाचे प्रमुख जनरल लेमाँ यांनी, आपण बेशुद्धावस्थेत पकडले गेलो याची नोंद व्हावी, असा आग्रह धरला.

बर्थाचा दरारा इथूनच सुरू झाला. पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा किल्ल्यांच्या कच्चेपणाचा. बेल्जियन लष्करी अभियंते ब्रियालमाँ यांनी ते १८८८ ते १८९१ दरम्यान बांधले, २१ सेंटिमीटरच्या गोळ्यांचा हिशेब धरून. काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या.

फ्रान्समधल्या व्हर्दँचा दुओमाँ किल्ला वेगळा होता. त्याचं काँक्रीट पुढे सळया घालून मजबूत केलेलं होतं. या तोफांचे गोळे त्याने झेलले, तरी तो फुटला नाही. २५ फेब्रुवारी १९१६ला तो जर्मनांच्या हाती पडला खरा, पण तोफेमुळे नव्हे. आत जेमतेम काही डझन फ्रेंच सैनिक होते, आणि मूठभर जर्मन शिपाई जवळजवळ चालतच आत शिरले.