चिलर : वैद्यकीय व प्रयोगशाळा उपकरणांसाठी (इंदूर)

उपकरणात तयार होणारी उष्णता बंद चक्रात फिरणाऱ्या पाण्याने उचलून बाहेरच्या हवेत सोडणारे यंत्र. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि इव्हॅपोरेटर हा गाभा एसीसारखाच असतो; जोडीला टाकी, पंप, वाय-स्ट्रेनर (गाळणी) आणि पाण्याचा प्रवाह कमी झाला तर कळवणारा फ्लो स्विच. खोली दोन अंशांनी तापली तर माणसे कुरकुरतात, उपकरण मात्र थेट बंद पडते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या २.५ जीईव्ही ऊर्जेच्या सिंक्रोट्रॉनचे (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्राचे) चुंबकही पाण्यानेच थंड ठेवले जातात. रुग्णालयांतले आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांतले चिलर त्या मानाने खूपच लहान, पण दुखणी तीच.

सर्वांत नाजूक ग्राहक एमआरआय. त्याचे अतिवाहक चुंबक सुमारे उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमवर चालते. उडालेला हेलियम पुन्हा द्रवरूप करणाऱ्या कोल्ड हेडला दाबयुक्त हेलियम पुरवणारा कॉम्प्रेसर पाण्याने थंड होतो. म्हणून स्कॅनिंग नसले तरी रात्री-बेरात्री चिलर चालूच हवा. मॅग्नेट रूममध्ये कोल्ड हेडचा एका लयीत चालणारा ‘चिक-चिक’ आवाज थांबला, की जाणता टेक्निशियन पडद्यावरचा अलार्म बघण्याआधी गच्चीवरच्या चिलरकडे धावतो. चिलर बंद पडल्यास या कॉम्प्रेसरला नळाचे पाणी देता यावे म्हणून बायपास ठेवतात. त्याचे व्हॉल्व्ह सहा महिन्यांतून एकदा तरी फिरवून पाहावेत, नाहीतर ऐन वेळी जाम निघतात.

क्षमता ठरवताना बहुतेक चुका कॅटलॉग वाचण्यात होतात. एअर-कूल्ड चिलरची छापील क्षमता साधारणपणे ३५ अंशांच्या हवेसाठी असते. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवर कंडेन्सरपाशी ४५ अंश सहज भरतात आणि हवा एका अंशाने तापली की क्षमता ढोबळमानाने एक टक्क्याने घटते. समजा उष्णता ४० किलोवॅट आहे. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, म्हणजे कागदावर ११.४ टन पुरतात; गच्चीवर १२.७ लागतात, आणि थोडी राखीव धरून १४ टनांचा घेणे शहाणपणाचे. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यात ६ अंशांचा फरक धरला तर प्रवाह मिनिटाला सुमारे ९६ लिटर हवा. प्रयोगशाळेच्या टेबलावरील छोट्या चिलरची क्षमता बहुधा २० अंशांच्या पाण्यासाठी लिहिलेली असते; ५ अंशांवर ती निम्म्यावरही येऊ शकते.

रोटरी इव्हॅपोरेटरसाठी (व्हॅक्यूमखाली सॉल्व्हंट उडवून वेगळा करणाऱ्या उपकरणासाठी) ढोबळ नियम ६०-४०-२० : बाथ ६०, वाफ ४०, कंडेन्सरचे पाणी २० अंश. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट जोडले, तर सॉल्व्हंटची वाफ नीट द्रवरूप न होता व्हॅक्यूम पंपात जाते. शिवाय तेवढे पाणी गटारात, तेही जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे!

उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार म्हणजे हाय प्रेशर ट्रिप, म्हणजे कंडेन्सरकडचा गॅसचा दाब फार वाढून यंत्र आपोआप बंद पडणे. कारण बहुधा गॅस नसून धूळ असते, आणि मार्च-एप्रिलनंतर सावरीचा कापूस. तो फिन्सवर घोंगडीसारखा बसतो. पंखा चालू दिसतो, पण त्याच्या तोंडाशी हवेला जोर नसतो. फिन्स आतून बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवाव्यात. तापलेल्या कंडेन्सरवर बोरिंगच्या पाण्याची नळी धरून ठेवण्याची सवय वाईट. यंत्र तासभर चालते खरे, पण पाणी उडून फिन्सवर पांढरा क्षार उरतो आणि पुढच्या वर्षी ट्रिप आणखी लवकर येते. चिलर कठड्याला खेटून बसवला, तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो.

माळव्याच्या काळ्या खडकातले बोरिंगचे पाणी जड असल्याने चक्रात भरू नये. डिमिनरलाइज्ड पाणीही सरसकट चालत नाही, फार शुद्ध पाणी तांबे खाते. वाहकता उपकरणाच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत ठेवावी आणि सांगितलेला इन्हिबिटर (गंजरोधक) घालावा. गाडीच्या रेडिएटरचे कूलंट घालू नये. त्यातील सिलिकेट पंपाचे सील खराब करतात. तांबे असलेल्या चक्रात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप जोडला की गंज सुटतो, तो स्ट्रेनरमध्ये अडकतो आणि फ्लो अलार्म वाजतो.

पावसाळ्यात रोग बदलतो. जुलैच्या हवेत दवबिंदू बावीस-तेवीस अंशांपर्यंत चढतो. १८ अंशांचे पाणी घेणाऱ्या लेसरच्या हेडवर आणि उघड्या पाइपांवर घाम फुटतो. उपकरण परवानगी देत असेल तर सेटिंग वाढवावे, नाहीतर खोली कोरडी ठेवावी. पाइपांवरचे इन्सुलेशन सांध्यांपाशी उघडे नसावे.

चिलर यूपीएसवर सहसा नसतो, म्हणून डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) लोडमध्ये तो धरलेलाच हवा. वीज परतल्यावर कॉम्प्रेसर तीन ते पाच मिनिटे थांबूनच उठतो. तोवर बटणे दाबत बसू नये. लाइनच्या कामानंतर दोन फेज उलटले, तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो : खडखडाट होतो आणि दोन्ही गेज जवळजवळ एकाच आकड्यावर उभे राहतात. गॅस संपला असे समजून भरायला घेण्याआधी फेजचा क्रम तपासणाऱ्या फेज सिक्वेन्स रिलेचा दिवा पाहावा.