सपोर्ट संपणे आणि सुविधा काढून घेणे: ग्राहकाने ओळखायचा फरक

चवथीच्या तोंडावर गोव्यातील म्हापशात किंवा फोंड्यात घेतलेल्या स्मार्ट टीव्हीवरचे एखादे ॲप काही वर्षांनी नव्या आवृत्तीअभावी रखडू लागते. कधी रात्री आपोआप झालेल्या अपडेटनंतर मेनूतला एखादा पर्यायच नाहीसा होतो. दोन्ही वेळा सेवा केंद्रातून उत्तर एकच मिळते: "त्या मॉडेलचा सपोर्ट संपला." ग्राहक ते मान्य करून गप्प बसतो. वास्तविक या दोन घटना भिन्न आहेत आणि त्यांतून निर्माण होणारे हक्कही सारखे नाहीत.

सपोर्ट संपतो तेव्हा कंपनी नवे काही देणे थांबवते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. परंतु त्यामुळे कोणाचा संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडला नाही. सुरक्षा अपडेट मिळेनाशी झाल्याने धोका वाढतो हे खरे, तरी विकत घेतलेली वस्तू पूर्वीइतकेच काम करत राहते. अपडेट अमुक वर्षे देऊ, असे कंपनीने जाहिरातीत किंवा खोक्यावर म्हटले असेल आणि ती मुदत पाळली नसेल, तर तक्रारीला आधार आहे. तसे आश्वासन नसेल, तर ग्राहकाची बाजू कमकुवत असते.

सुविधा काढून घेणे याहून गंभीर आहे, कारण तेथे किंमत मोजून घेतलेली गोष्टच परत नेली जाते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम खेळण्याच्या यंत्राचे आहे. त्यावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवण्याची सोय कंपनीनेच दिली होती. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती काढून टाकली. अपडेट ऐच्छिक होते, पण ते नाकारणाऱ्याला कंपनीच्या ऑनलाइन सेवेत प्रवेश मिळेना, म्हणजे दोनपैकी एक सुविधा ग्राहकाने गमवायचीच होती. अशा स्थितीत "स्वीकारा" या बटणावर दाबलेल्या बोटाला संमती म्हणणे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेतील सामूहिक दावा अनेक वर्षे चालला आणि अखेर ३७.५ लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. इटलीत २०१८ मध्ये स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. जुन्या फोनवर असे अपडेट घ्यायला लावले, की ज्यामुळे त्यांची कार्यक्षमता घटली, असा ठपका होता.

या दोहोंच्या सीमेवर एक प्रकार उरतो. अपडेट येत नाही, यंत्र जागच्या जागी तसेच असते, परंतु ते इंटरनेटवरून कंपनीच्या ज्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, अवलंबून आहे तो कंपनी बंद करते. स्मार्ट गृहोपकरणे बनवणाऱ्या नेस्टने विकत घेतलेल्या रिवॉल्व्ह कंपनीचे सुमारे ३०० डॉलरचे गृहनियंत्रण यंत्र मे २०१६ मध्ये याच रीतीने निकामी झाले. कंपन्या याला सपोर्टची समाप्ती म्हणतात. माझ्या मते ती सुविधा काढून घेणेच आहे, कारण सर्व्हरविना ते यंत्र म्हणजे नुसते प्लॅस्टिकचे खोके उरते.

भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विक्रीनंतर अपडेटद्वारे सुविधा काढण्याविषयी स्वतंत्र कलम नाही. तरीही कलम २(१०) मधील 'दोष' या शब्दाची व्याप्ती पुरेशी मोठी आहे: विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या तुलनेत वस्तूत राहिलेली उणीव तीत येते. विकताना वस्तू निर्दोष होती, असा बचाव कंपनी करील. म्हणून तक्रारीत कलम २(११) खालील सेवेतील उणीवही मांडावी, कारण संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे त्या व्याख्येत समाविष्ट आहे. अपडेट विनामूल्य असल्याने ती 'सेवा'च नव्हे, असा युक्तिवाद झाल्यास सेवेचे मूल्य वस्तूच्या किमतीतच धरले होते, हे दाखवावे लागते. त्यासाठी खोके आणि जाहिरात यांवरचा मजकूर निर्णायक ठरतो. आपल्याकडे पावसाळ्यात माळ्यावरच्या खोक्याला बुरशी लागते आणि थर्मल कागदावरच्या बिलाची अक्षरे वर्षभरात उडतात. तेव्हा खरेदीच्याच दिवशी दोहोंचे फोटो काढून ठेवावेत. अपडेटपूर्वीचा मेनू, अपडेटची सूचना आणि आवृत्तीचा क्रमांक यांचे स्क्रीनशॉट असतील तर बाजू अधिक भक्कम होते.

वॉरंटी संपली म्हणून हक्क संपत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते, आणि सुविधा गेल्याचा दिवस हाच कारण घडल्याचा दिवस, असे ठामपणे मांडावे. दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. बदल उत्पादकाने केला आहे, त्यालाच मुख्य प्रतिपक्ष करावे. प्रथम कंपनीला लेखी कळवावे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेथे तोडगा न निघाल्यास वाळपईच्या ग्राहकाने पर्वरीच्या आणि काणकोणच्या ग्राहकाने मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. कंपनीचे कार्यालय बंगळूरला असले तरी राहत्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

मात्र "कंपनी कोणतीही सुविधा केव्हाही बदलू अथवा बंद करू शकते" या अटीलाच आव्हान द्यायचे असेल, तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. कलम २(४६) खालील अन्याय्य कराराची तक्रार पणजीतील राज्य आयोगापुढे करावी लागते, आणि ग्राहकाला अन्यायकारक ठरणारी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार त्या आयोगाला आहे.