थडग्यातलं सोनं आणि पुरून ठेवलेलं सोनं

सटन हू आणि स्टॅफर्डशर ही दोन नावं नेहमी एका दमात घेतली जातात. दोन्ही ठिकाणं इंग्लंडमधली, दोन्हीकडचं सोनं सातव्या शतकात अँग्लो-सॅक्सन लोकांनी जमिनीत ठेवलेलं आणि दोन्हींत सोन्याच्या बारीक घरांत बसवलेले लाल गार्नेट. हे खडे त्या काळी भारतीय उपखंडातूनही युरोपात जात. तेव्हा नुसता दागिना हातात घेऊन तो कुठल्या प्रकारच्या जागेतून आला हे सांगता येत नाही. सटन हू हे दफन आहे. स्टॅफर्डशरचा ठेवा म्हणजे निखात निधी, आपल्या बोलीत गुप्तधन. हे ओळखायचं ते वस्तू मातीत कशी पडली होती त्यावरून.

तलवारीचंच घ्या. सफोकमध्ये डेबेन नदीकाठच्या सटन हू इथे १९३९ साली बॅसिल ब्राउन यांनी थडग्यावर रचलेलं टेकाड खणलं, तेव्हा मुठीच्या टोकाची सोन्याची टोपी तलवारीवर जागच्या जागी होती आणि पातं म्यानातच गंजून बसलं होतं. म्हणजे तलवार अख्खी ठेवलेली. स्टॅफर्डशरमध्ये, लिचफील्डजवळच्या हॅमरविच गावच्या शेतात, २००९ साली अशा टोप्या डझनांनी मिळाल्या, पण पातं एकही नाही. टोप्यांवर त्या उचकटून काढल्याच्या खुणा आहेत. सोन्याचा मोठा क्रूस चेपून घड्या घातलेला आणि बायबलमधलं लॅटिन वचन कोरलेली पट्टी मधोमध दुमडलेली. कुणीतरी मौल्यवान धातू तेवढा सोलून घेतला होता. सुमारे ४,६०० तुकडे, जवळपास ४ किलो सोनं, त्यातलं बहुतेक लढाईच्या साहित्यावरचं. बायकांचे दागिने नाहीत, नाणीही नाहीत.

दफनात वस्तूंना जागा असते. सटन हूला टेकाडाखाली पुरलेल्या २७ मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यभागी लाकडी खोली होती. कमरेच्या जागी पट्ट्याचं बक्कल आणि थैली. थैलीचं चामडं कुजलं, पण आतली ३७ सोन्याची नाणी एकत्र राहिली आणि त्यातलं प्रत्येक वेगळ्या फ्रँकिश, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, टांकसाळीचं आहे. साध्या थडग्यातही हीच शिस्त दिसते. पुरुषाच्या डोक्याजवळ भाल्याचं टोक, कमरेला सुरी. स्त्रीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ब्रूच आणि मध्ये मण्यांची माळ. वस्तू अशा रचनेत सापडल्या की मधलं शरीर दिसत नसलं तरी ते कुठे होतं हे कळतं.

इथेच नवखे फसतात. ‘हाडं नाहीत, म्हणजे थडगं नाही’ हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. सटन हूची वाळू आम्लधर्मी, त्यामुळे जहाजाचं लाकूडही उरलं नाही. राहिल्या त्या लोखंडी रिबिटांच्या रांगा आणि वाळूतला ठसा. शरीराचाही मागमूस नव्हता. पुढे मातीच्या तपासणीत, कुजलेल्या देहातून मातीत उतरणाऱ्या फॉस्फेटचं प्रमाण जास्त निघालं आणि इथे देह होता याला बळ मिळालं. तो बहुधा पूर्व अँग्लिया या तेव्हाच्या राज्याचा राजा रेडवाल्ड याचा असावा. उलट चूकही होते. उथळ थडगं नांगराखाली आलं की वस्तू शेतभर विखुरतात आणि ठेव्यासारख्या दिसू लागतात. हॅमरविचलाही तुकडे नांगरटीच्या मातीतच पसरले होते. म्हणून तिथे मुद्दाम उत्खनन करून पाहिलं, पण थडग्याचा खड्डा मिळाला नाही.

या फरकावर एकेकाळी मालकीच ठरायची. जुन्या इंग्रजी कायद्यात परत काढून घेण्याच्या हेतूने लपवलेलं सोनं-चांदी राजसत्तेचं. ऑगस्ट १९३९ मध्ये चौकशी मंडळाने पाहिलं, की जहाज ओढत आणून त्यावर टेकाड रचणं हे उघड्यावर, लोकांसमक्ष झालेलं काम. त्यात लपवणं कुठलं? सगळा ऐवज जमीनमालक इडिथ प्रिटी यांचा ठरला आणि त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. इतकं मोठं दान मनापासून दाद द्यावी असंच आहे. १९९६ च्या कायद्याने हेतूची अट काढली. आता ३०० वर्षांपेक्षा जुनी आणि वजनाने किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू थडग्यातली असो वा ठेव्यातली, १४ दिवसांत कळवावीच लागते. स्टॅफर्डशरच्या ठेव्याचं मोल ३२.८५ लाख पौंड ठरलं. ते शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटलं गेलं आणि ठेवा बर्मिंगहॅम आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयांनी घेतला.

मालकीचा प्रश्न मिटला तरी शोधणाऱ्याची जबाबदारी तीच राहते. मेटल डिटेक्टरचा आवाज नांगरटीच्या थराखालून येत असेल तर खणणं तिथेच थांबवावं, जागा झाकावी आणि त्या भागातल्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला बोलवावं. सोन्याच्या नादात बाजूचा लोखंडाचा गंजका गोळा फेकला जातो किंवा घरी नेऊन घासला जातो. त्या गंजात कापडाची वीण उमटलेली असते. मृताच्या अंगावर काय होतं, तलवार कशात गुंडाळली होती, हे तेवढ्याच पापुद्र्यावरून कळतं आणि तारेच्या ब्रशचे चार फटके तो नाहीसा करायला पुरतात.