जुन्या मोटारीच्या एसीतील गळतीचे निदान (ग्वाल्हेर)

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतला शीतक वायू नेमका कोणत्या जागेतून निसटतो, हे शोधून काढण्याचे काम. बोलण्यात या वायूला नुसते 'गॅस' म्हणतात. ग्वाल्हेरात एप्रिल लागला की एसीच्या दुकानांत "गैस उड़ गई, भरवा लो" हे वाक्य ऐकू येते आणि शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत त्याचे "गॅस उडाला होता, भरून आणला" असे होते. हा शब्दप्रयोगच दिशाभूल करतो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद फेऱ्यात तोच तो फिरत राहतो : कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन वॉल्व्हमधून सुटून कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि गाडीतली हवा गार करतो. छोट्या गाडीत तो साधारण 350 ते 600 ग्रॅम असतो. रबरी नळ्यांतून आणि सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतोच. पण गेल्या वर्षी भरलेला गॅस यंदा नसेल, तर कुठेतरी वाट फुटली आहे. ती बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

ग्वाल्हेरचे हवामान या यंत्रणेला विशेष जाचते. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपुढे जातो, दुपारी लू वाहते. डिसेंबर-जानेवारीत धुके आणि कडाका. मधले चार महिने एसीचे बटण कोणी दाबत नाही, आणि गळतीचे बी बहुधा त्याच महिन्यांत पडते. कॉम्प्रेसरच्या शाफ्टवरचे सील गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलाने ओले राहते. कॉम्प्रेसर थांबून राहिला की तेल खाली उतरते, सील कोरडे पडते आणि जुने असेल तर ताठरते. मग पहिल्या उकाड्यात यंत्रणेवर एकदम पूर्ण ताण येतो. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवला तर हे टळते. धुक्याच्या सकाळी काचेवरची वाफ घालवायला तो लावलाच, तर काम आपोआप होते. ग्वाल्हेरचा मेळा 1905 पासून भरतो आणि त्या थंडीच्या दिवसांत इथे गाड्यांची खरेदी जोरात असते. त्या सुमारास जुनी गाडी पाहणाऱ्याने एसीवर विशेष लक्ष द्यावे, कारण जानेवारीत निम्मा गॅस असलेला एसीसुद्धा गार वाटतो.

पाहणी डोळ्यांनी सुरू होते. गॅस निसटताना थोडे तेल बरोबर आणतो आणि त्यावर इथली धूळ बसते. म्हणून जिथे नळीच्या जोडावर काळपट, चिकट डाग दिसेल तिथे संशय घ्यावा. बोटाला पांढरे फडके गुंडाळून प्रत्येक जोडाच्या खालून फिरवावे, वरून नव्हे; तेल खाली ओघळते. शाफ्टचे सील गेले असेल तर कॉम्प्रेसरला इंजिनाच्या गतीशी जोडणारा फिरणारा क्लच तेल भिरकावतो आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला, बरोबर क्लचच्या रेषेत, तेलकट पट्टा उमटतो. कंडेन्सर सर्वांत पुढे असल्याने खडीचे मार तोच खातो. रबरी नळी जिथे धातूच्या टोकात दाबून बसवलेली असते, ती जागाही जुन्या गाडीत नेहमीची गुन्हेगार.

सर्वांत जास्त चुका गेज, म्हणजे दाबमापक, वाचताना होतात. इंजिन बंद असताना गेज दाखवते तो दाब आत गॅस किती आहे हे सांगत नाही. तो बाहेरच्या तापमानावर ठरतो. मोटारींच्या एसीत वापरल्या जाणाऱ्या आर-134ए या गॅसचा दाब 25 अंशांना सुमारे 80 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), 40 अंशांना सुमारे 130 पीएसआय असतो, आणि आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी तो तेवढाच राहतो. निम्मा गॅस गेलेल्या गाडीवर दुपारी गेज लावून "प्रेशर तर बरोबर आहे" म्हणणे ही साधी पण महागात पडणारी चूक. चालू इंजिनावर दोन्ही बाजू (कॉम्प्रेसरकडे परतणारी कमी दाबाची 'लो साइड' आणि तिथून निघणारी जास्त दाबाची) कमी दाखवत असतील, क्लच टक्-टक् करत सारखा लागत-सुटत असेल, किंवा दाब फार उतरल्यावर कॉम्प्रेसर रोखणाऱ्या लो-प्रेशर स्विचमुळे लागतच नसेल, तर गॅस कमी असल्याची शक्यता मोठी.

डोळ्यांना काही दिसले नाही तर नायट्रोजन भरून दाबाची परीक्षा घेतात. यात ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. परीक्षेतही तापमानाचे भान हवे. दुपारी 43 अंशांना 150 पीएसआय भरून ठेवलेला नायट्रोजन पहाटे 28 अंशांना आपोआप 142 च्या आसपास उतरतो. ही गळती नव्हे, निसर्ग आहे. उलट नुसत्या व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून केलेल्या निर्वातावर, विसंबणेही धोक्याचे : तो जास्तीत जास्त एका वातावरणाइतकाच फरक निर्माण करतो आणि तोही उलट्या दिशेने, त्यामुळे दाबाखाली उघडणारी भेग व्हॅक्यूममध्ये मिटून राहू शकते.

जोडांवर साबणाचे पाणी लावणे ही जुनी आणि अजूनही उत्तम रीत. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या सोळा वर्षांच्या गाडीत सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. चौथ्या वर्षी एका वयस्क कारागिराने लो साइडच्या पिन वॉल्व्हचे (गॅस भरण्याच्या तोंडातल्या झडपेचे) प्लास्टिकचे टोपण काढले आणि त्यावर फेस सोडला. मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. आतली पिन गेली होती. टोपणातली रबरी रिंग तर कधीच गळून पडली होती, आणि हे टोपण म्हणजे धूळ अडवणारे झाकण नव्हे, गॅसचा दुसरा अडसर असतो. गॅसच्या तीन खेपांपुढे पिनची किंमत नगण्य होती.

कूलिंग कॉइलची गळती शोधणे सर्वांत कठीण, कारण ती डॅशबोर्डच्या आत असते. इंजिन व पंखा बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरचे टोक पाणी गळण्याच्या नळीपाशी धरावे. आर-134ए हवेपेक्षा साडेतीन पट जड असल्याने तो खाली साचतो. अतिनील प्रकाशात चमकणारा रंग गॅसबरोबर सोडूनही जागा सापडते, मात्र काही दिवस गाडी चालवावी लागते.

पायाशी पाणी साचणे म्हणजे गॅसगळती नव्हे. कॉइलवर जमणारे दव बाहेर नेणारी नळी कडुनिंबाच्या पानांनी किंवा धुळीने तुंबली की ते पाणी आत येते. पावसाळ्यात गाडीखाली थेंब पडणे तर चांगलेच लक्षण आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत आर-12 हा गॅस असे. ओझोन थराला मारक ठरल्याने 1987 च्या माँट्रियल करारानुसार तो हद्दपार झाला. भारत या करारात 1992 मध्ये आला. अशा गाडीत आर-134ए भरायचा तर तेलही बदलावे लागते, कारण जुने खनिज तेल त्यात विरघळत नाही. शिवाय साध्या रबरी नळ्यांतून नवा गॅस अधिक झिरपतो. गळती शोधायला वापरली जाणारी, क्लोरीन ओळखून हिरवी होणारी जुनी ज्योतही आर-134एपुढे निरुपयोगी, कारण त्यात क्लोरीन नाही. हा गॅस ओझोनला धक्का लावत नसला तरी उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून प्रबळ आहे. म्हणून जोड सैल करून तो हवेत सोडून देणे टाळावे, यंत्राने काढून घ्यावा.

भेग बुजवणारी रसायने भरू नयेत. ती वॉल्व्ह आणि गॅस काढण्या-भरण्याचे मशिन दोन्ही चोंदवतात. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणारेही भेटतात, तिथून सरळ उठून यावे. डॅशबोर्डमागे ज्वालाग्राही वायू ही जिवाशी गाठ आहे. गळती दुरुस्त झाल्यावर जोडांतल्या रबरी ओ-रिंग नव्या घालून, आतली ओल शोषणारा ड्रायर बदलून, किमान अर्धा तास व्हॅक्यूम ओढावा. मग बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले वजन वाचावे आणि गॅस गेजच्या अंदाजाने नव्हे, काट्यावर तोलून भरायला सांगावा.